वाळवंटात जायला कोणाचीच हरकत नाही

९ जानेवारी

माफ कर. जूनपासून या वहीत एक ओळ लिहिली नाही. वेळ नव्हता. (खोटं. वेळ होता, लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं.)

आता घडलंय. एप्रिलमध्ये वाळवंटात अल्ट्रामॅरेथॉन आहे. सहा टप्पे, अडीचशे किलोमीटर. आठवडाभराचं खाणं आणि स्लीपिंग बॅग स्वतःच्या पाठीवर. आयोजक फक्त पाणी आणि तंबू देणार. मी नाव नोंदवलं होतं. प्रवेश पक्का झाल्याचा मेल आज आला.

गिटार, दुर्बीण, जपानी भाषा, पोहणं. सगळं सुरू केलं, सगळं माळ्यावर गेलं. पोहणं जाऊ शकत नाही म्हणून त्याचा चष्मा गेला. या वेळी शेवटपर्यंत जायचं. मुलगी दहा वर्षांची झाली. बापाने एक तरी गोष्ट पूर्ण केलेली तिला दिसायला हवी.

उद्या बायकोला सांगणार. कडाडून विरोध होईल. मुद्दे काढून ठेवलेत.

१० जानेवारी

जेवताना सांगितलं. बायको म्हणाली, जा की. आणि भाजी वाढली.

मी म्हणालो, पन्नास डिग्रीपर्यंत जातं तिथे. ती म्हणाली, मग सुती कपडे घे.

मुद्दे तसेच राहिले. हे बरोबर वाटत नाही.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. ज्या दाव्यात पहिल्याच फेरीत सगळं बिनचूक असतं, तोच मी बाजूला काढतो. खऱ्या माणसाचं काहीतरी राहतंच. बायकोचं काहीच राहिलं नाही.

१४ जानेवारी

साहेबांकडे दहा दिवसांची रजा मागितली. त्यांनी मान वर न करता सांगितलं, घ्या की. मागच्या वर्षी दाढेसाठी अर्धा दिवस मागितला, तेव्हा कुठली दाढ असं विचारणारा हा माणूस!

बायको आणि साहेब एकमेकांना ओळखत नाहीत. माझ्या माहितीप्रमाणे.

ट्रेनिंग उद्यापासून.

१५ जानेवारी

थंडी. वाळवंटाच्या तयारीत थंडीत धावणं शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. वाचन केलं.

२१ जानेवारी

डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. गेलो. त्यांनी ईसीजी काढला, छाती ऐकली, सही केली. मी विचारलं, काहीच सापडलं नाही? ते म्हणाले, नाही. मी म्हणालो, गुडघा एकदा बघता का. बघितला. चांगला आहे म्हणाले. मग पेन खाली ठेवून म्हणाले, तुम्हाला नेमकं काय सापडायला हवंय?

उर्मट माणूस. शिवाय घाईत होता. अशा सहीवर मी तरी दावा मंजूर करणार नाही.

२६ जानेवारी

आईला फोन केला. मी सायकल घेतली तेव्हा या बाईने दोन दिवस अन्न सोडलं होतं. आज म्हणाली, जाऊन ये बाळा, टोपी घाल.

म्हणजे तिलाही गाठलंय.

४ फेब्रुवारी

आज ठोस काम. वाळवंटात ग्रॅमन् ग्रॅम महत्त्वाचा असतो. अनुभवी धावपटू टूथब्रशची दांडी कापून टाकतात, कपड्यांची लेबलं काढतात. मी दोन्ही केलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. एकूण बचत अकरा ग्रॅम. फार समाधान वाटलं.

बायको म्हणाली, दांडी कापलीस, आता पोटाचं काय करणार आहेस? वर म्हणाली, आणि निळा ब्रश माझा होता.

हा पहिला विरोध धरायचा का? नाही. ब्रशपुरता होता.

११ फेब्रुवारी

ट्रेनिंगला प्रारंभ. मागच्या गल्लीत इमारतीचं काम चालू आहे. तिथे वाळूचा मोठा ढीग आहे. पाठीवर सॅक घेऊन ढिगावर चढायचं, उतरायचं. तासभर धावलो.

प्रामाणिकपणे लिहायचं तर चढलो-उतरलो. तास म्हणजे वॉचमनशी झालेलं बोलणं धरून.

वॉचमनने विचारलं, वाळू कुठे नेताय? मी म्हणालो, नेत नाहीये, तुडवतोय. तो म्हणाला, कशाला? मी वाळवंटाचं सांगितलं. त्याने मला बूट काढून झटकायला लावले, आणि सॅकही उघडायला लावली. आत जाडजूड शब्दकोश होते. ते बघून तो जास्तच सावध झाला.

इतका चौकस वॉचमन या गल्लीत आधी कधी नव्हता. याला कोणी नेमलं?

१९ फेब्रुवारी

उष्णतेची सवय. भर दुपारी स्वेटर घालून, काचा बंद करून गाडीत बसलो. गाडी पार्किंगमध्येच. काही वेळाने खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काचेवर टकटक केली. म्हणाल्या, भांडण झालं का रे घरी? ये, आमच्याकडे बस.

नकार द्यायला हवा होता. त्यांच्याकडे एसी आहे.

२ मार्च

मुलीबद्दल लिहायला हवं. रोज संध्याकाळी माझ्या खोलीत येते, सॅकशेजारी बसते आणि प्रश्न विचारते. साप असतात का? रस्ता चुकलास तर? पाणी संपलं तर कोणाला सांगायचं? तंबूत डॉक्टर झोपतात का? वाऱ्याने खुणेचे झेंडे पडले तर?

दहा वर्षांच्या मुलीचे प्रश्न नाहीत हे. ही उलटतपासणी आहे. आईने पढवून पाठवलीय, माझी तयारी किती कच्ची आहे ते काढायला. मी सगळी उत्तरं तांत्रिक दिली. विंचवाबद्दल जरा जास्तच सविस्तर सांगितलं. ती गप्प झाली.

सरशी माझी.

१६ मार्च

गेले दोन आठवडे विश्रांती. शर्यतीआधी शरीराला विश्रांती द्यावी असं सगळे तज्ज्ञ सांगतात. श्रमांनंतर द्यावी असंही सांगतात, तो भाग मी नंतर वाचला.

१८ मार्च

उलगडा झाला. सविस्तर लिहितो.

सकाळी रंगारी भिंती मोजायला आला. मला म्हणाला, साहेब, सामान मधे ओढून ठेवा, बाकी मी बघतो, तुम्ही आहातच घरी. मी विचारलं, कधी? त्याने जो आठवडा सांगितला, तो शर्यतीचा. मी म्हणालो, मी नसेन. तो म्हणाला, ताई तर म्हणाल्या, साहेबांनी रजा काढलीय, ते घरीच असतील.

ऑफिसात गेलो. साहेबांनी बोलावलं. एप्रिलमध्ये नवीन पोरं येतायत, दुसरा आठवडा तुम्हीच शिकवा. मी म्हणालो, साहेब, माझी रजा. ते म्हणाले, हो हो, ती आहेच की. आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी जळून गेलेल्या दुकानाच्या मालकाकडे बघतो.

घरी येऊन बायकोला जाब विचारला. रंगारी त्याच आठवड्यात कसा?

ती खरोखर दचकली. म्हणाली, म्हणजे, तू जाणार आहेस?

मी म्हणालो, तीन महिने मी काय करतोय मग? ती म्हणाली, अरे, चिडू नकोस. मी तुला कधी अडवलं का? गिटारला नाही, दुर्बिणीला नाही. तुला अडवावं लागतच नाही. तू आपला आपण थांबतोस.

टोमणा नव्हता, हे वाईट. प्रेमाने म्हणाली.

कट नव्हता तर. कटासाठी निदान समोरच्याला धोका मानावं लागतं.

आता जाणारच. काहीही होवो.

२० मार्च

पूर्ण सॅक घेऊन नदीकाठच्या रस्त्याने वीस किलोमीटर धावलो.

दुरुस्ती: बारा.

पुन्हा दुरुस्ती: जाताना पुलापर्यंत धावलो, पुढे चाललो, मग बाकावर बसलो. येताना रिक्षा. बारा हा आकडा येणं-जाणं आणि रिक्षा धरून आहे. शिंकलो तर पाठ दुखते. नखं काळी पडलीत. बाकावर बसून स्पष्ट दिसलं की हे मला जमणार नाही, आणि ते आता कोणाला सांगणार? सगळ्यांना आधीच माहीत आहे.

२१ मार्च

अनपेक्षित वळण.

संध्याकाळी मुलगी आली. नेहमीसारखी बसली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, बाबा, तू नको ना जाऊस. आणि रडायला लागली. मला वाटतं मरशील तू तिथे. आई म्हणते बाबा जाणार नाही, पण आईला काय माहीत, तू तर ब्रशपण कापलास.

तर ते प्रश्न हेरगिरीचे नव्हते. घरात, ऑफिसात, गल्लीत, मी जाणार असं मानणारं हे एकच माणूस होतं. आणि ते रोज घाबरत होतं.

मी तिला जवळ घेतलं. म्हणालो, तू नको म्हणतेस तर नाही जात, बाळा. तुझ्यासाठी.

फार हलकं वाटलं. (किती हलकं? यावर विचार करायचा. आज नको.)

२४ मार्च

साहेबांना सांगितलं, मुलीने अडवलं. ते म्हणाले, पोरांपुढे काही चालत नाही. आईला सांगितलं. तिचे डोळे भरून आले. काकू म्हणाल्या, असा बाप हवा. डॉक्टर भाजी घेताना भेटले, त्यांनाही सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

माझ्या माघारीला इतका मान याआधी मिळाला नव्हता.

फक्त बायको म्हणाली, तिला तू असं सांगितलंस? तिच्यासाठी थांबलास म्हणून? मी म्हणालो, खरंच आहे ते. ती मटार सोलत राहिली.

२८ मार्च

मुलगी नीट जेवत नाही. खोलीत येत नाही. काल आई आली होती, तिने नातीला मांडीवर घेऊन सांगितलं, तुझ्यासाठी बाबाने केवढं मोठं स्वप्न सोडलं बघ. मी शेजारीच बसलो होतो. दुरुस्ती करता आली असती. चहा पीत होतो.

आज मुलीने विचारलं, शर्यत परत कधी असते? मी म्हणालो, पुढच्या वर्षी. तिने विचारलं, तेव्हा तू म्हातारा होशील का?

३१ मार्च

मुलगी संध्याकाळी आली. केस विंचरून, अगदी शहाण्यासारखी. तिने विचारलं, नाव काढून घ्यायचा मेल पाठवलास? मी म्हणालो, नाही अजून. (हे खरं आहे. का पाठवला नाही, ते मला माहीत नाही.)

ती म्हणाली, मग पाठवू नकोस. मी ठरवलंय. मी आजीकडे राहीन. आठवडाभर. विंचवांचं काही विचारणार नाही. मी रडणार नाही, मी आरशात बघून प्रॅक्टिस केलीय, बघ. आणि तिने न रडता उभं राहून दाखवलं. हनुवटी हलत होती. म्हणाली, तू माझ्यामुळे नको थांबूस. तू जा, बाबा.

मी तिला म्हणालो, बघू.

बघू! दहा वर्षांची पोर दहा दिवस तयारी करून आली, आणि तिचा बाप म्हणतो बघू.

खरा दावा समोर असला की कळतोच. हा खरा आहे. त्यापुढे माझा ठेवून बघितला. घाईची सही, गुडघा, थंडी, विश्रांती, रंगारी, आणि सगळ्यात शेवटी तिचं रडणं, कारण म्हणून जोडलेलं. नामंजूर.

आता पुन्हा कोणीच अडवत नाहीये.

उद्या: ती शाळेला निघायच्या आत तिला सांगणे, की मी वीस तारखेलाच थांबलो होतो, पुलापलीकडच्या बाकावर.