लाइन फार स्वच्छ होती

७ जानेवारी १९८५, सोमवार

आले बाई एकदाची करंजटाकळीला! पालमहून तीन एस.टी. बदलल्या, पत्र्याच्या पेटीची कडी तुटली, पण आले. अप्पा सोडायला आले होते. त्यांनी माझा बोर्ड बघितला आणि देवाला करावा तसा दोन्ही हातांनी नमस्कार केला. मला हसू आवरेना.

पोस्टाच्या मागची खोली म्हणजे आमचं टेलिफोन एक्स्चेंज. पंचवीस नंबरांचा बोर्ड, त्यातले सतरा चालू. कुणी फोनचं हँडल फिरवलं की त्याच्या नंबरचं पितळी झाकण पडतं आणि घंटी वाजते. मग मी दोरी खुपसायची आणि विचारायचं, नंबर? गावाबाहेर जाणारी तार एकच, जिंतूरची. पुढचं सगळं जग त्या एका तारेतून येतं. जिंतूरच्या बोर्डावर दिनकरराव असतात. त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो, वर खरखर. मला ओरडावं लागतं.

लाइनमन सटवाजीमामांनी तासाभरात सगळं शिकवलं. मी दोरीला हात लावायला बिचकत होते तर म्हणाले, "बाई, दोरी हाय ती, साप न्हाई."

खिडकीबाहेर बन्सीधरशेठची पिठाची गिरणी. दिवसभर पुक्‌ पुक्‌ पुक्‌, आणि मधेच एक ठोका खाते. मामा म्हणाले, इंजिनाला दमा हाय, दहा वर्षांपासून. गिरणीमागं कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगचं पत्र्याचं शेड, आणि मग शेतंच शेतं.

खोली चन्नबसम्मा मावशींकडे मिळाली. आपल्यातल्याच, गळ्यात लिंग. घरात त्या आणि त्यांची शिवकांता, सतरा वर्षांची. ती जिंतूरला शिवणाच्या क्लासला जाते. वेणी गुडघ्यापर्यंत आणि प्रश्न त्याहून लांब. पहिल्याच दिवशी विचारलं, ताई, फोनमधून वास येतो का हो माणसाचा? येडं पोरगं.

१० जानेवारी, गुरुवार

खरं लिहायचं म्हणून ही वही. तर खरं हे, की मी लोकांचं बोलणं ऐकते. नियमात बसत नाही. पण दुपारी बोर्ड झोपलेला असतो, मग करावं काय माणसानं? सावकारांच्या सूनबाई माहेरी फोन करून सासूला नावं ठेवतात. डॉक्टर परभणीला साडूशी नामांतराच्या मोर्चावरून तावातावानं भांडतात आणि शेवटी हुरड्याचं आवतण देतात. लय मजा येते. लाजही वाटते थोडी, पण मजा जास्त.

१५ जानेवारी, मंगळवार

आज मैत्रीण मिळाली!

दुपारी दोनला जिंतूरचं झाकण पडलं. मी ओरडायच्या तयारीनं दोरी खुपसली, तर कानात मऊ, बायकी आवाज. "शरणार्थ, बाई." मी उडालेच, हा तर आमचा लिंगायतांचा नमस्कार. आपल्यातली! मीही शरणार्थ म्हटलं. मालनबाई म्हणून आहेत, जिंतूरच्या बोर्डावर दुपारच्या पाळीला नवीन आल्यात. माहेर पालमकडचंच. बोर्ड, दोरी, झाकण, सगळं आमच्याच भाषेत बोलतात. आणि आवाज किती स्वच्छ! शेजारी पाटावर बसून बोलायली असं वाटलं. खरखर नाही, काही नाही. तार दुरुस्त झालेली दिसते.

तासभर बोललो. आपल्यातली म्हटलं की आपण पुढं काही विचारतच नाही.

२१ जानेवारी, सोमवार

रोज दोन ते तीन मालनबाई. जेवण लवकर उरकते मी.

आज जे आईशिवाय कुणाला माहीत नव्हतं ते सांगून टाकलं. माझ्या कंबरेवर डावीकडे कोडाचा डाग आहे, तळहाताएवढा. दोन वर्षांपूर्वी साखरपुडा झाला, मग मीच भोळेपणानं होणाऱ्या नणंदेला सांगितलं आणि आठ दिवसांत नारळ परत आला. अप्पांनी गावात सांगितलं की पत्रिका जमली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मालनबाईंनी आधी स्वतःचं सांगितलं, त्यांच्या पाठीवर आहे म्हणून. मग मला राहवेना. खूप रडले. हलकं वाटलं.

संध्याकाळी दिनकरराव खेकसले की दोन ते तीन तुमची लाइन रोज मेलेली असते, झोपता काय? मी म्हटलं, इकडून तर ठीक आहे. मालनबाईंचं नाव काढलं नाही. त्यांनी बजावून ठेवलंय की दिनकरराव बोर्डावर गप्पा मारणाऱ्यांच्या नोकऱ्या घालवतात.

२४ जानेवारी, गुरुवार

मालनबाईंना भाऊ आहे. नोकरीवाला, निर्व्यसनी. तुमच्या गावात आपल्यातली मुलगी आहे का, म्हणाल्या. स्थळ सांगणं म्हणजे पुण्याचं काम. मी शिवकांताचं सगळं सांगितलं. रंग, उंची, शिक्षण, वेणीसुद्धा. घरात पुरुषमाणूस नाही हेही. शिवकांताला चिडवलं, तुझे दिवस भरले गं! ती लाजून चुलीकडे पळाली.

२८ जानेवारी, सोमवार

मालनबाई म्हणाल्या, भावाला मुलगी आधी लांबून बघायचीय, ती एकटी कधी सापडेल? मला खटकलं. मी म्हटलं, रीतसर घरी या की, चार माणसं घेऊन. मावशी पोहे करतील.

मग त्याच मऊ आवाजात, हसत हसत:

"महानंदा, तुझी कंबर गावाला दाखवायची काय?"

मी दोरी उपटली.

२९ जानेवारी, मंगळवार

दोन वाजता झाकण पडलं. उचललं नाही. पुन्हा पडलं. पुन्हा. पोस्टमास्तर आत डोकावले, म्हणाले, बाई, ट्रंक कॉल आहे, घ्या की.

घेतलं. मालनबाईंनी अप्पांचं नाव घेतलं, पालमची गल्ली सांगितली, मोडलेल्या साखरपुड्याची तारीख सांगितली. मीच सांगितलेलं सगळं. म्हणाल्या, पोस्टकार्डावर लिहीन, उघड्या कार्डावर, सगळे वाचतील.

मी सांगितलं. गुरुवारी शिवकांताची जोडीदारीण क्लासला नसते. ती एकटी फाट्यापर्यंत चालत जाते, दहाच्या गाडीला.

लिहून ठेवते. माझ्या तोंडानं सांगितलं. कुणी गळा धरला नव्हता.

३० जानेवारी, बुधवार

शिवकांताला सांगायचं होतं, उद्या जाऊ नको. ती ब्लाउजला बटणं लावत बसली होती. मला विचारलं, ताई, निळं शोभेल का लाल? मी म्हटलं, निळं. एवढंच म्हटलं. का जाऊ नको, असं तिनं विचारलं असतं तर डागापर्यंत यावं लागलं असतं. आणि मालनबाई बाईमाणूसच ना, नुसतं बघणारच ना. असं मीच मला सांगत बसले.

३१ जानेवारी, गुरुवार

शिवकांता घरी आली नाही. क्लासला पोचलीच नाही. दहाच्या गाडीचा कंडक्टर म्हणतो, फाट्यावरून कुणी चढलंच नाही.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

गाव म्हणतंय, पळून गेली. पारावर हसायलेत. शहाणी माणसं मावशींना सांगून गेली की पोलिसात जाऊ नका, होती नव्हती तेवढी अब्रू जाईल. मावशी पोस्टाच्या पायरीवर येऊन बसल्यात. म्हणतात, लेकीचा फोन आला तर? माझ्याकडे बघतात. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काही देता आलं नाही. थू माझ्या जिनगानीवर.

सकाळी दिनकररावांना विचारलं, मालनबाई कुठल्या पाळीला असतात? ते ओरडून म्हणाले, कोण मालनबाई? बोर्डावर बाईमाणूस नाहीच आमच्याकडं, कधी नव्हतंच.

मग सटवाजीमामांना विचारलं, सहज विचारल्यासारखं, की दुपारी आवाज इतका स्वच्छ का येतो. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"लांबचा आवाज सोच्छ येतच न्हाई, बाई. सोच्छ आला म्हंजे जवळचा."

म्हणाले, खांबावर चढायचं, जिंतूरकडची तार सोडवायची, आपल्याकडच्या तारेला फोन जोडायचा. मग तिकडं लाइन मेलेली आणि इकडं तो माणूस. कुणी जुना लाइनमन असंल तर पाच मिनिटांचं काम. त्यांना फाट्याजवळच्या खांबावर नवे ओरखडे दिसलेत, खाली तारेचे तुकडे. त्यांना वाटतं तांब्याचे चोर. उद्या पहिल्या गाडीनं जिंतूरला तक्रार द्यायला जाणार.

तेव्हाही गप्प बसले.

तो माणूस, म्हणाले मामा. बाई नाही म्हणाले.

२ फेब्रुवारी, शनिवार

ठरवलं. पोलिसांना फोन करायचा. सगळं सांगायचं, डागसुद्धा.

अकरा वाजता हँडल फिरवलं. जिंतूर मागितलं.

लगेच उत्तर. "जिंतूर."

खरखर नाही —

मी म्हटलं, दिनकरराव? तिकडं कुणीतरी खोकलं. पुरुषाचा खोकला, बिडी ओढणाऱ्याचा. आणि त्याच तोंडातून मग तो मऊ आवाज. "शरणार्थ, महानंदा. कुणाला फोन करायलीस?"

एकच तार आहे. बाहेर जाणारी एकच. तिच्यावर तो बसलाय —

साडेअकरा. पुन्हा फिरवलं. पुन्हा तोच. ह्या वेळी मी बोलले नाही, नुसतं ऐकलं. ऐकायची सवय आहेच मला. त्याच्या मागं कुणीतरी हुंदके देत होतं. तोंड दाबून. आणि त्याच्याही मागं —

पुक्‌ पुक्‌ पुक्‌. एक ठोका नाही. पुक्‌ पुक्‌.

फोन कानाला, दुसरा कान खिडकीला. गिरणी दोन्हीकडून ऐकू येतेय. एकाच वेळी ठोका खाते. फोनमधून जास्त मोठी.

म्हणजे शेड. जिनिंगचं शेड, जिंतूरची तार त्याच्या छपरावरूनच जाते. दोनशे पावलं नाहीत इथून. तीन दिवस —

जिवंत आहे. शिवकांता जिवंत आहे.

मामा जिंतूरला गेलेत. पोस्टमास्तर जेवायला. मी नुसतं म्हटलं की शेडमध्ये बघा, तर विचारतील, तुला कसं कळलं. विचारू देत. गिरणीवर दहा-बारा माणसं आहेत, मोठ्यानं ओरडलं तर —

झाकण पडलं. जिंतूरचं. वाजतंय. वाजू दे.

मावशी पायरीवरच आहेत. माझ्याकडं बघायल्यात. शिवकांताची चप्पल मांडीवर घेऊन. आता उठते. आधी त्यांना सांगते, मग गिरणीकडं पळते. ही वही उघडीच ठेवते, मी मागं फिरले तर कुणीतरी वाचावी. पहिलं वाक्य ठरवलंय, ते तरी तोंडातून नीट निघावं, देवा. मावशी, तुमच्या लेकीचा पत्ता त्याला मी —