दुभाष्याने गाळलेलं वाक्य

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तराला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडतो. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? माझं चाललंय. पाठ धरते अधूनमधून, डावा कान होता तसाच अर्धा बंद.

बर्फाच्या कारखान्यात सध्या काम कमी आहे. वारा सुटला की होड्या बाहेर पडत नाहीत. तरी लाद्या काढाव्याच लागतात. मिठाच्या पाण्याच्या टाकीतून डबा वर उचलायचा, साध्या पाण्यात बुडवायचा, आडवा केला की लादी सुळकन बाहेर येते. अकरा वर्षं हेच चाललंय. हाताला आता गार लागत नाही असं मी म्हटलं, तर बायको म्हणाली, "हाताला नाही, तुलाच लागत नाही." तिचं मासळी निवडण्याचं काम मात्र जोरात आहे. घरी आली की आधी लिंबाने हात चोळते, मग माझ्याशी बोलते.

गावात मला अजून कॅप्टन म्हणतात. साधा शिपाई होतो म्हणून सांगून थकलो. लढाईवरून आलेला माणूस म्हटला की लोकांना तो कॅप्टनच हवा असतो. खानावळीत खिडकीजवळची खुर्ची माझ्यासाठी सोडतात. मीही आता नको म्हणत नाही.

एक बातमी. गेल्या आठवड्यात बाहेरच्या खडकांवर एक होडी फुटली. आपल्याकडच्या बाजूने निघालेली माणसं होती, अकरा जण. चौघं हाती लागले. त्यातल्या एकाची भाषा कुणालाच कळेना, तेव्हा हवालदार कारखान्यात आला. म्हणाला, "कॅप्टन, तुमच्या मुलखाचा दिसतोय. जरा चला." मी गेलो. दवाखान्यात कोपऱ्यातल्या खाटेवर पडला होता. खाऱ्या पाण्याने बोटं सुजून जाड झालेली. मी आपल्या भाषेत म्हटलं, "पाणी हवंय का?" त्याने माझा हात धरला तो सोडेचना. "दादा, दादा" एवढंच म्हणत होता. शिंपी आहे. चाळिशीचा असेल.

आता बरा आहे. जाळ्यांच्या गोदामावरच्या खोलीत त्याची सोय केलीय. माझ्याशिवाय त्याच्याशी बोलणारं कुणी नाही, म्हणून कचेरीने मलाच दुभाषा नेमलं. शपथबिपथ घ्यायला लावली.

ताई, तुला एक विचारायचं होतं. नदीपलीकडची ती जुनी खडीची खाण, तिथे आता काय आहे? बुजवली का? सहज विचारतोय. लिहिलं नाहीस तरी चालेल.

भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

* * *

२३ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. मी एका बुडणाऱ्या माणसाला आधार दिला असं तू आळीभर सांगत सुटलीस, ते वाचून अंगावर पाल पडल्यासारखं झालं. कृपा करून आता कुणाला सांगू नकोस. बुडणाऱ्याला काढलं ते कोळ्यांनी. मी फक्त बोललो.

तो कुठला, म्हणून विचारलंस. नदीपलीकडचा. बाकी काय सांगू?

तू लिहिलंयस, खाणीला कुंपण घातलंय आणि आत कुणाला जाऊ देत नाहीत. आणि पुढे लिहितेस, "तिकडची माणसं तेव्हा डोंगरात पळून गेली असंच आम्ही ऐकलं, झालं गेलं ते कशाला उकरायचं." तू तेरा वर्षं हेच लिहितेस. मला ते बरं वाटायचं. या वेळी नाही वाटलं.

त्याची चौकशी डिसेंबरात झाली. शहरातून अधिकारी बाई आल्या होत्या. बाई चांगल्या होत्या, घाई करत नव्हत्या. मी दुभाषा होतो. ठीक झालं सगळं. पण त्याचा अर्ज नामंजूर झालाय. पंधरा दिवसांत दाद मागता येते म्हणतात. बघू. मी कागद लिहिणारा नाही, ताई, मी बर्फ काढणारा माणूस.

तो मधूनमधून जेवायला येतो. बायकोचं आणि त्याचं खुणांनी छान जमतं. माझ्या कोटाचं अस्तर फाटलं होतं, ते त्याने सुजल्या बोटांनी बदलून दिलं. शिवण इतकी बारीक की हाताला लागत नाही. तो कोट मी घालत नाही. गरम होतं.

झोप कमी झालीय. वयाचा परिणाम. तू पुष्पगुच्छ पाठवायचं काय लिहिलंयस? तुझा भाऊ इतका मोठा झालेला नाही. आता थट्टासुद्धा सहन होत नाही बघ.

तुझा धाकटा

* * *

२ मार्च

ताई,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. आपल्याकडे जाणाऱ्या जहाजावर एक ओळखीचा खानसामा आहे, त्याच्या हाती देतोय. तो तुझ्याच हातात देईल. एकटी असताना वाच. मागच्या दोन पत्रांत मी तुझ्याशी नीट बोललो नाही. आता सगळं लिहितो. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

चौकशीच्या दिवशी अधिकारी बाईंनी मला आधीच बजावलं होतं की दुभाष्याने "तो म्हणतो" असं म्हणायचं नसतं, "मी" म्हणायचं असतं. म्हणजे शिंपी म्हणाला, "माझ्या वडिलांना नेलं," की मीही म्हणायचं, "माझ्या वडिलांना नेलं." बाई लिहून घेणार. खोलीत आम्ही तिघंच. टेबलावर पाण्याचा तांब्या.

शिंपी सांगू लागला. सकाळी सैन्य आलं. सगळ्या पुरुषांनी शाळेच्या मैदानात यावं, ओळखपत्रं तपासायची आहेत, असं भोंग्यावरून सांगितलं. त्याचं दुकान शाळेसमोर. वडिलांनी त्याला कापडाच्या ठाणांमागे दडवलं आणि स्वतः काठी टेकत गेले. म्हणाले, म्हाताऱ्याला कोण काय करतंय. फळीच्या फटीतून त्याला सगळं दिसत होतं. तीन ट्रक होते. एकेकाला चढवत होते. वडिलांना पाय उचलेना, मागून शिव्या सुरू झाल्या. तेव्हा दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला, वडिलांच्या काखेत हात घातला आणि म्हणाला, "सावकाश, बाबा, पायरी उंच आहे."

शिंपी म्हणाला, "दादा, त्या ड्रायव्हरचं तोंड मला दिसलं नाही. पण वाटलं, हा भला माणूस आहे, म्हणजे बाबांना काही करणार नाहीत. म्हणून मी ओरडलो नाही. धावत गेलो नाही. तो तसं बोलला नसता तर मी गेलो असतो."

ताई, तो ड्रायव्हर मी होतो.

बाई पेन धरून माझ्याकडे बघत होत्या. शिंपीही बघत होता. मला वाटलं, याने आवाज ओळखला. पण त्याच्या नजरेत तसं काही नव्हतं. तो फक्त थांबला होता, मी पुढे सांगावं म्हणून. मी पाणी प्यालो. आणि सांगितलं, "काही हत्यारबंद माणसं आली. कोण होती ते माहीत नाही. वडिलांना घेऊन गेली." सैनिक म्हटलं नाही, ट्रक म्हटलं नाही, ते वाक्य तर जिभेवर आणलंच नाही. बाईंनी दोनदा विचारलं, "कोण होती ते नक्की माहीत नाही?" मी त्याला विचारलं, "तारीख नक्की आठवते का?" त्याने मान हलवली, नक्की. मी बाईंना म्हटलं, "नक्की माहीत नाही."

इतकं सोपं होतं ते.

त्याने तिकडे, आपल्याकडे, सैन्याविरुद्ध तक्रार दिली होती. आमच्या तेव्हाच्या मेजरचं नाव घेऊन. तो मेजर आज मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हणून शिंप्याच्या दाराशी माणसं यायला लागली आणि तो बायको-मुलीला मागे ठेवून पळाला. त्या तक्रारीची नक्कल त्याने इथल्या कचेरीत दिली होती. तिच्यात सैनिक, आणि माझ्या तोंडून गेलं हत्यारबंद माणसं. जबाब जुळत नाहीत, माणूस विश्वासार्ह नाही, असं लिहून अर्ज फेटाळला.

हुकूम आला तो वाचून दाखवायलाही मीच. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, मी तर सैनिकच म्हणालो होतो ना?"

मी म्हटलं, "लिहिणाऱ्याची चूक झाली असेल."

"मग तुम्ही सांगा ना त्यांना."

"सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्याने दोन पानं लिहून आणली. सगळी हकिगत पुन्हा, व्यवस्थित, एका ओळीत वीस शब्द. मी भाषांतर करून कचेरीने त्याला नेमून दिलेल्या वकिलाकडे पाठवायची होती. पंधरा दिवसांची मुदत. ती पानं मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. तो रोज विचारायचा, "गेलं का?" मी म्हणायचो, "गेलं." तुला मागचं पत्र लिहिलं तेव्हा ती पानं माझ्या मागे खुंटीवर लटकत होती.

मुदत संपली. चौथ्या दिवशी हवालदार त्याला घेऊन गेला. मी कारखान्यात होतो, डबा उचलत होतो, त्याला नेताना खिडकीतून दिसलं. तो माझ्याकडे बघून हात वर करून हसला. त्याला वाटलं दाद लागली, म्हणूनच शहरात बोलावलंय. मी पण हात वर केला.

आठवड्याने बायकोने कोट धुवायला काढला. पानं घेऊन माझ्यासमोर आली. "हे कुणाचं? हे अक्षर तुझं नाही." तिला आपली लिपी येत नाही, पण अक्षर ओळखता येतं. मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरंच बाहेर पडलं. सगळं. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून ऐकत राहिली. मी रडायला लागलो तेव्हा म्हणाली, "माझ्यासमोर रडू नकोस. मला ते बघायचं नाहीये. बूट घाल."

पहिल्या बसने आम्ही शहरात गेलो. अधिकारी बाईंनी चार तास माझा जबाब घेतला. मेजरचं नाव, तुकडीचा क्रमांक, ट्रक किती, रस्ता कुठला. शेवटी त्यांनी कागद सारखे केले आणि म्हणाल्या, "तुम्हाला कल्पना असेल, त्याला परवाच विमानात बसवलंय." मला कल्पना नव्हती. खरं सांगायचं तर होती.

उतरल्या उतरल्या त्याला पकडलं. जिल्ह्याच्या तुरुंगात आहे, जिवंत आहे, एवढं वकिलाने शोधून काढलंय. वकील म्हणतो, त्या दिवसाबद्दल आजवर सैन्यातला एकही माणूस बोललेला नाही. माझा जबाब पहिला. तो शिंप्याच्या बायकोच्या हातात पडला आणि तिने तिकडच्या न्यायालयात दिला, तर त्याला खोटी तक्रार केली म्हणून अडकवता येणार नाही. आणि इथेही प्रकरण पुन्हा उघडेल. वाचेल की नाही हे वकील सांगत नाही. मीही विचारत नाही.

तो जबाब या पाकिटात आहे. सहीशिक्क्याची प्रत. खाली शिंप्याच्या बायकोचा पत्ता लिहिलाय. पूल ओलांडलास की शाळेसमोरचं दुकान. तुला तो तिच्या हातात द्यायचा आहे.

मला माहीत आहे मी काय मागतोय. भाऊजी सरकारी नोकरीत आहेत. तुमच्या दाराशीही माणसं येतील. आळीत तू ज्या भावाचं कौतुक केलंस, त्याच्या नावाने लोक थुंकतील, आणि तू बाजारात जाशील तेव्हा गप्प होतील. तुझ्यावर हे लादायचा मला हक्क नाही. पण दुसरं माझं तिकडे कुणी नाही.

इथलं म्हणशील तर कारखान्यातून घरी बसवलंय. इथे येताना मी कागदावर लिहिलं होतं की सैन्यात स्वयंपाकी होतो. त्याची चौकशी चालू आहे. कदाचित मलाही परत पाठवतील, कदाचित इथेच खटला भरतील. आता कुणी कॅप्टन म्हणत नाही. बायको सोडून गेलेली नाही. दोन ताटं वाढते आणि आपलं ताट घेऊन ओट्याशी उभी राहून जेवते.

आता एकच राहिलं. जबाबात ते आहे, पण तू ते परक्याच्या कागदावर वाचावंस असं मला वाटत नाही.

आम्ही त्यांना खाणीत नेलं. उतरवलं. मेजरने आम्हा तिघा ड्रायव्हरांना सांगितलं, गाडीतून उतरायचं नाही, इंजिन बंद करायचं नाही, ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरा. कशासाठी ते आम्हाला समजलं होतं. मी दाबून धरला. किती वेळ ते आठवत नाही. इंजिन इतकं तापलं की पायाला चटका बसत होता, तरी धरला. मध्येच एकदा पाय सैल पडला तेव्हा आवाज ऐकू आले, म्हणून पुन्हा जोरात दाबला. ताई, तेव्हा कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मी भीतीने नाही दाबला. ऐकू येऊ नये म्हणून दाबला.

परत येताना ट्रक रिकामा होता. रिकामा ट्रक खड्ड्यात जास्त आदळतो. मागे काहीतरी घरंगळत होतं. पुलावर थांबून पाहिलं तर म्हाताऱ्याची काठी. मी ती नदीत टाकली.

त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे जेवायला आलो होतो. तू विचारलंस, इतका गप्प का. मी म्हटलं, डोकं दुखतंय. तू माझ्या कपाळाला तेल चोळून दिलंस.

शिंप्याच्या बायकोने विचारलं, हा कोण लागतो तुमचा, तर खरं सांग. ती दार लावून घेईल. तरी कागद फटीतून आत सरकव. आणि तुझ्याने जाववलं नाही, तर मला तसं कळव, मी दुसरी वाट शोधीन. फक्त कागद फाडू नकोस.

उत्तर लिहिलंस तर मला धाकटा म्हणूनच लिही, असं मागायचा धीर होत नाही.

तुझा भाऊ,
दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर