खळग्यांचा दगड

सर, तुम्ही मला शिळावर्तुळाबाहेर हाकललंत त्या दुपारी माझं सगळं बदललं. कॉलेज मी नंतर सोडलं, पण ते सुटलं तिथेच. तुम्हाला जाऊन इतका काळ झाला, तरी सिंगापुरात, तोआ पायोहच्या या बाराव्या मजल्यावर, आईबाबांच्या फ्लॅटमध्ये बसून मी अजून तुमच्याशीच भांडतोय.

नागपूरकडचा तो मुरमाड माळ. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी आपलं माणूस पुरलं, भोवती मोठाले दगड गोल लावले, आत काळी माती आणि गोटे भरले. तुम्ही गुडघ्यावर बसून दाखवायचात, प्रत्येक दगडाखाली लहान दगडांची पाचर कशी मारलीय ते. "त्यांनी घाई केलेली नाही, आपणही करायची नाही. रेखाटल्याशिवाय एकही दगड हलवायचा नाही." मी ऐकायचो कुठे? माझं लक्ष आमच्याच तुकडीतल्या तिच्याकडे. त्या दिवशी ती डबा धुवायला गेली आणि मी पहार उचलली. खळगे कोरलेला तो एक दगड होता ना, तो एकट्यानं डोलवून तिला दाखवणार होतो. ती यायच्या आत तो कलंडला. मी खांदा लावून, ओरबाडून घेऊन, कसाबसा पुन्हा उभा केला.

तुम्हाला पहारेचा ओरखडा दिसला. "हलवलास?" मी म्हटलं, "नाही, पहार टेकली फक्त." ती मध्ये पडली, "सर, तो नाही म्हणतोय ना! खोटं नाही बोलत तो." तुम्ही पुन्हा विचारलंत तसा मी भडकलो, "दगडच आहे सर! मेलेल्याला काय फरक पडतो?" मग तुमचा तो शांत आवाज, "बाहेर हो. असं बोलणारा माणूस मला इथे नको." सगळ्यांसमोर. तिच्यासमोर.

राग त्याचा नाही, सर. पुढे मुरमासाठी कंत्राटदारानं तो अख्खा माळ खरवडून नेला, वर्तुळाचा मागमूस राहिला नाही, तेव्हा कुठे गेला होता तो आवाज? जेसीबीपुढे तुम्ही अर्ज लिहीत बसलात! ओरडायला मी एकटाच सापडलो होतो?

काल ती भेटली. इथेच वन-नॉर्थ भागातल्या एका ऑफिसात आहे आता, नामशेष झालेल्या जागांची संगणकावर मॉडेल्स करते. खाली हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांत कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिता पिता तिनं फोन पुढे केला. आपलं वर्तुळ, दगडन् दगड, तुमच्या नकाशावरून. "खळगे बाहेरच्या बाजूला, बघ. सरांचा सगळा लेख यावरच होता. येणाऱ्याजाणाऱ्यानं थांबून बघावं म्हणून कोरलेले. तू होतास तिथे. बरोबर आहे ना रे?" तिच्या कपाळावरचा घाम मी पुसला नाही एवढंच, बाकी सगळं विसरलो होतो. म्हटलं, "परफेक्ट." ती हसली. "आभारात तुझं नाव टाकते. उद्या संध्याकाळी फायनल पाठवायचंय."

सर, खळगे आत होते. मातीकडे, पुरलेल्या माणसाकडे तोंड करून. ते येणाऱ्याजाणाऱ्यासाठी नव्हतेच, त्याच्यासाठी होते. मी दगड उलटा उभा केला. मला हाकललंत आणि तरी माझ्याच शब्दावर नकाशा काढलात! का विश्वास ठेवलात? ती ठेवते ते कळतं, तिनं माझ्यासाठी तुमच्याशी भांडण घेतलं होतं. पण तुम्ही? एकदा पाया उकरून बघितला असतात तर पाचर तुटलेली दिसली असती. आता उकरायला काही उरलंच नाही. ती बाजू कुठली होती हे जगात एका माणसाला माहीत आहे, आणि तो "परफेक्ट" म्हणून आलाय.

आत्ता फोन केला तिला, "ऑफिसातून निघू नकोस, येतोय." म्हणाली, "काय झालं रे?" मी फोन ठेवला. बहीण दारातून बघतेय, "दादा, सो ड्रामा ला! कुणाला लिहितोयस एवढं?"

खरं सांगू? तुम्हाला नाहीच लिहीत होतो. "मी दगड उलटा उभा केला", तिच्यासमोर म्हणायचं हे वाक्य एकदा कागदावर जमतं का, ते बघत होतो. जमलं. कागद इथेच राहू दे. चपला घालायच्या, बाहेर पडायचं आणि दार ओढून घ्यायचं, एवढंच आता राहिलंय.