पाटी खाली उतरणार नाही

३ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं चष्म्याचं दुकान ठीक चाललं असेल. इकडचं आधी माझ्याकडूनच कळू दे. माझी खोली सोडून आपला समुद्राकाठचा फ्लॅट सुट्टीसाठी एका जोडप्याला दिला होता. परवा सकाळी त्यातली बाई आंघोळीला गेली ती बाहेरच येईना. नवऱ्याने दार फोडलं. बंद बाथरूममध्ये गॅसचा गिझर चालू, ती जमिनीवर निपचित. मी माझ्या खोलीतून धावले आणि तिला ओढत गॅलरीत आणलं. इतकी वर्षं नर्स होते म्हणून काय करायचं ते सुचलं.

ती वाचली. पण इस्पितळात आपल्या बिल्डिंगचे सेक्रेटरी माझ्याआधी पोचले होते. डॉक्टरांना ही तुमची भाची आहे असं सांगा, नाहीतर सगळ्यांच्याच भाड्याच्या खोल्या उघड्या पडतील, असं माझ्या कानात म्हणाले. मी डॉक्टरांना मोठ्याने सांगितलं की ही भाची नाही, पैसे देऊन उतरलेली पाहुणी आहे, आणि गिझर माझा आहे.

गिझर काढून टाकला. आता पाहुणे ठेवायला पर्यटन कचेरीत फ्लॅटची रीतसर नोंदणी करणार. गॅस, वीज सगळं तपासून घेतील, मग क्रमांक देतील. कर भरावा लागेल, तो भरू. अर्धा फ्लॅट तुझा, म्हणून संमतिपत्र पाठवते आहे. सही करून लगेच पाठव.

पोरांना जवळ घेतल्याचं सांग.
तुझी अक्का

११ मार्च

ति. अक्कास सा. न. वि. वि.

ती बाई वाचली हे वाचून बरं वाटलं. पण गिझर काढलास ना, मग नोंदणी कशाला? अख्खी बिल्डिंग पाहुणे म्हणून माणसं ठेवते. आपण एकटेच कचेरीत गेलो तर मागच्या वर्षांचा करही मागतील. सेक्रेटरींचा फोन आला होता. फार गोड बोलले. माझा हिस्सा विकत घ्यायची त्यांची तयारी आहे. तुझी भावजय म्हणते, अक्का ऑपरेशन थिएटरात सर्जनलाही दटावायची, ती तुमचं काय ऐकणार. तरी ऐक. कागद तसाच परत पाठवतो आहे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

कोरा कागद पोचला. दुनियेला चष्मे लावतोस, स्वतःला कधी लावणार?

मी कचेरीत जाऊन आले. मागच्या वर्षांचं काय, ते मीच आपणहून विचारलं. व्याजासकट भरावं लागेल म्हणाले. माझ्या वाट्याचं भरते असं सांगून आले. तुझ्या सहीशिवाय मात्र अर्ज घेत नाहीत. सेक्रेटरींनी फ्लॅटचं पाणी तोडलं आहे. जिन्यात कुणी बोलत नाही, खालची शिवणकाम करणारी सुद्धा मान फिरवते. फिरवू दे. मी खालून कळशा भरून वर नेते.

हिस्सा विकायचा तर खुशाल वीक. पण त्या बाईचा निर्जीव झालेला चेहरा मी पाहिलाय. पुन्हा तिथे कुणी पडलं, तर भाची म्हणायला मी येणार नाही.

आशीर्वाद आहेतच, ते काही सहीवर अवलंबून नाहीत.
अक्का

२७ मार्च

ति. अक्कास सा. न.

सही केलेला कागद सोबत आहे. काल सेक्रेटरी विक्रीचे कागद घेऊन दुकानात आले. आलेच आहेत तर डोळे तपासतो म्हटलं. नवी काच लावून बघता बघता म्हणाले, त्यांच्या तिन्ही फ्लॅटमध्ये तसलेच गिझर आहेत, त्या बाईचीच तब्येत तोळामासा असणार. ते कधी बदलणार, असं मी विचारलं. ते हसले. मी त्यांच्या नाकावरून चष्मा उतरवला आणि दुकानाचं दार दाखवलं. गिऱ्हाइकं बघत राहिली.

मागच्या करातला निम्मा माझा. वाद घालू नकोस.

तुझ्या पाठीवर एक धपाटा, पोचला की कळव.
तुझा धाकटा

२२ एप्रिल

चि. धाकट्यास खूप खूप आशीर्वाद.

तपासणी झाली, क्रमांक मिळाला, त्याची पाटी दाराशी लावली. कचेरीचं पत्र दाखवल्यावर पाणीही आलं. लगेच बिल्डिंगची मीटिंग भरली. पाटी पाहून तपासणीवाले सगळ्यांच्या दारात येतील, ती आजच काढा, असं सेक्रेटरींनी फर्मावलं. मी म्हटलं, ज्याला काढायची त्याने स्वतः वर यावं, मी दारातच बसलेली असेन. आणि वर येऊन खुर्ची टाकून बसले.

संध्याकाळी ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. मी उठले नाही. त्यांनी आधी समजावलं, मग कोर्टाची भीती घातली. तेवढ्यात जिन्यात खडखड झाली. खालची शिवणकामवाली आपली खुर्ची ओढत वर येत होती. माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसली आणि त्यांच्याकडे न बघताच मला विचारू लागली की हा अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो. तिच्याही बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे आणि खिडकी नाही, महिनाभर झोप नाही म्हणाली.

सेक्रेटरी स्क्रू ड्रायव्हर खिशात घालून खाली गेले. आम्ही मात्र अंधार पडेपर्यंत बसून होतो. उद्या तिला घेऊन कचेरीत जाते आहे.

धपाटा पोचला. उसना ठेवत नाही, येशील तेव्हा परत देईन.
तुझी अक्का