सोळा वेळा एकच अक्षर

६ नोव्हेंबर १९७९
काल संध्याकाळी पोचलो. आबा परवा पहाटेच गेले. सगळं उरकलं होतं. माझ्यासाठी थांबले नाहीत, बरोबर केलं.
अक्का दारातच म्हणाली, "तार कवा भेटली तुले?"
म्हटलं, उशिरा.
पहिली तार, आबा फार आजारी असल्याची, २ तारखेला सकाळी दहाला हातात होती. इथे तरी खरं लिहावं. मुंबईच्या आमच्या संस्थेतले साहेब, पीएच.डी.वाले डॉक्टर, त्यांना दाखवली. "दोन दिवसांची चाचणी आहे, ती संपवून निघा. या वयात आजारपणं यायचीच." मी बरं म्हटलं. दोन दिवस टर्मिनलपुढे बसून त्यांचा प्रोग्राम चालवला. चालला. चाचणी पूर्ण म्हणून सही केली. दुसरी तार ४ ला आली.

७ नोव्हें.
दिवसभर माणसं. येतात, चहा पितात, तुरीचं बोलतात, जातात. आबांविषयी कुणालाच काही सांगायचं नसतं.
पाटबंधारे खात्याचे साहेब जीपने आले. आबा त्यांच्या हाताखाली एकवीस वर्षं पाटावर होते. साहेब म्हणाले, "कर्तव्यदक्ष माणूस." या माणसाने उभ्या आयुष्यात पाट पायी पाहिलेला नाही.
बिस्किटं मात्र चार खाल्ली.

८ नोव्हें.
पिशवीत प्रोग्रामची छापील लिस्टिंग तशीच आली आहे. मशीनरूममधून थेट स्टेशन गाठलं होतं. त्रेचाळीस रुंद पानं, एकाला एक जोडलेली. आज ओसरीवर उघडली.
शेजारचे दौलतकाका काठी टेकत आले. "काय बाप्पा, पोथी वाचून राह्यला का? आपण तं सोडल्या ना पोथ्या!"
म्हटलं, मशीनचा प्रोग्राम आहे.
"मंग मशीन कुठी हाय?"
मुंबईला.
"मशीन मुंबईले अन् तू इथी कागद पाहून राह्यला. वा रे शिकलेला."
अक्का आतून म्हणाली, "आबा बी तसेच. पाणी सोडायच्या आंधी कोरडा पाट पाहत. कोसभर, वाकून वाकून. खेकड्याचं बीळ दिसलं का बुजवत. मनत, पाणी सोडल्यावर भोक आंधळ्यालेही दिसते."
काकांनी काठी उचलली. त्यांना गप्प बसवणारी गावात एकटी अक्काच.

९ नोव्हें.
रिकामं बसवत नाही, म्हणून वाचायला घेतलं. न चालवता, नुसतं वाचून. डॉक्टर सांगतात, परदेशात प्रोग्रामच प्रोग्राम वाचतो आणि चुका दाखवतो. आमच्याकडे ते नाही. पेन्सिल आहे.
पद्धत ठरवली. बाहेरून, म्हणजे माणसाच्या बोटांतून, जे काही आत येतं तिथे तांबडी खूण. मग एकेक खूण धरून ते कुठे जातं, मशीनच्या स्मृतीतल्या कुठल्या खणात ठेवतात, खण केवढा, एवढंच पाहायचं. बाकी शहाणपण नको.
खुणा अकरा झाल्या.
डॉक्टरांचा हात भपकेबाज. तीन ओळींचं काम एका ओळीत, आणि वर इंग्रजीत टीप, की हे सुंदर आहे. सुंदर!

१० नोव्हें.
सातवी खूण.
माणूस टर्मिनलवर बसला की हा प्रोग्राम आधी नाव विचारतो. त्या नावाचा खरा पासवर्ड फाइलमधून आणून एका खणात ठेवतो, आठ अक्षरांच्या. मग पासवर्ड विचारतो. माणूस टंकेल ते दुसऱ्या खणात, तोही आठचा. दोन्ही जुळले की दार उघडलं.
खण शेजारी शेजारी. टंकलेल्याचा आधी, खऱ्याचा लगेच पुढे. आमचा कंपायलर, लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देणारा, याच क्रमाने ठेवतो, हे मला पक्कं माहीत आहे.
टंकलेली ओळ वाचून आणणाऱ्या तुकड्याला, म्हणजे फंक्शनला, डॉक्टरांनी खण दिला आहे, पण खण केवढा ते सांगितलेलंच नाही. मग नववं अक्षर कुठे जाईल? शेजारी. खऱ्या पासवर्डावर.
म्हणजे एकच अक्षर सोळा वेळा टंका. आठ या खणात, आठ त्या. जुळले. कुठल्याही नावाने आत.
चौकटीच्या वहीवर तीनदा मांडून पाहिलं. तीनदा तेच.
दोन दिवस मी हाच चालवला. प्रत्येक वेळी शहाण्यासारखा आठच्या आत पासवर्ड टंकला. चालेल नाही तर काय.

११ नोव्हें.
सकाळपासून चिडलो आहे. बरं वाटतं आहे.
याच प्रोग्रामसाठी तिकडे बसून राहिलो. डॉ. परदेशात शिकले, तिथला टाय इथे घालतात, आणि दार असं लावतात.
येत्या शनिवारी, १७ ला, या प्रोग्रामची टेप दुसऱ्या पाच संस्थांना जाणार. एक इस्पितळ आहे. तिथे रोग्यांची कागदपत्रं यावरच ठेवणार. शनिवारनंतर हे भोक सहा ठिकाणी.
भाऊजींनी आबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी, १८ ला ठरवला. नोकरीवाल्यांना सुट्टी असते. वाशीमहून भंतेजी येतील. अक्का म्हणाली, "तू लेक हायेस, पुढं बसजो." हो म्हटलं.

१२ नोव्हें.
वाशीमला जाऊन ट्रंक कॉल लावला. दीड तास बाकावर. डॉ. मिळाले. खणांचं सांगितलं. तिकडून आधी हसणं.
"अहो, सोळा अक्षरं टंकणार कोण?"
ज्याला आत यायचं आहे तो, म्हटलं.
"दोन दिवस तुम्हीच चालवलात. चाचणी पूर्ण, तुमचीच सही आहे. दुःखात आहात, विश्रांती घ्या."
मी म्हटलं, ही चूक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसेल. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं बोललो. माझी नोकरी कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे. तेही चालेल.
लाइन तुटली की त्यांनी ठेवला, कळलं नाही. बसमध्ये सबंध रस्ता मनात त्यांना सुनावत आलो.

१३ नोव्हें.
म्हटलं, चूक दाखवतो तशी दुरुस्तीही लिहून पाठवावी. म्हणजे तोंड उघडायला जागा उरणार नाही. त्यासाठी ओळ वाचणारं फंक्शन पाहायला हवं. ते शेवटच्या दोन पानांवर. तिथवर गेलोच नव्हतो. त्यात काय आहे ते ठाऊकच आहे, असं धरून चाललो होतो.
खणाची लांबी सांगायला त्या फंक्शनमध्ये जागाच नाही. सांगणार कशी? एंटर येईपर्यंत ते भरत सुटतं.
वर टीप. "वापरणाऱ्याने पुरेसा मोठा खण द्यावा." खाली आद्याक्षरं. माझी. दोन वर्षांपूर्वीची तारीख.
डॉक्टरांनी माझं फंक्शन मी सांगितलं तसं वापरलं. मी दिलं म्हणून तपासलं नाही. माझं म्हणून मीही तपासलं नाही.
ते मूर्ख आहेत ते आहेतच. पण हे भोक माझं. संस्थेतले सगळेच हे फंक्शन वापरतात. म्हणजे आणखी किती.
जेवलो नाही. अक्काला वाटलं, आबांमुळे. तसं वाटू दिलं.

दुपारी इथल्या जवळच्या मालेगावहून डॉक्टरांना तार केली. टेप थांबवा, दोष माझ्या फंक्शनमध्ये आहे, तुमच्याकडे नाही. तारबाबूने दोनदा वाचलं. "मयतीची नाई का ही?" नाही म्हटलं.

१४ नोव्हें.
डॉक्टरांचं उत्तर आलं. इंग्रजीत. मथितार्थ असा, की भावना समजल्या, टेप शनिवारीच जाईल.
भावना!
आता एकच उपाय. शनिवारच्या आत जाऊन त्यांना खुर्चीवर बसवायचं आणि त्यांच्याच नावाने आत शिरून दाखवायचं. पाच मिनिटांचं काम. पण त्यासाठी उद्या निघायला हवं, आणि दाखवल्यावर सगळीकडची दुरुस्तीही मलाच करावी लागणार, म्हणजे रविवारी इथे मी नसणार.
भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं. ते शाळामास्तर, सगळं ऐकून घेतात. "इस्पितळाचं हाय मनतोस तं जा. पण तुह्या बहिणीले तू सांग. मी नाई सांगत."
अक्का जात्याशी तुरीची डाळ भरडत होती. सांगितलं. तिने हात थांबवला नाही.
"तवा तार उशिरा आली मनला. आता तं कोनाची तार नाई, तरी चालला?"
तेव्हा बोलून गेलो. तार उशिरा आली नव्हती. दोन तारखेलाच मिळाली. दोन दिवस याच कामासाठी थांबलो.
जातं थांबलं.
"आबा दोन दिवस दाराकडं पाहत होते. मी मनत होती, येऊन राह्यला, रस्त्यात हाय." एवढंच म्हणाली. उठली, डाळ सुपात घेतली आणि पाखडायला मागच्या अंगणात गेली.
स्वतःविषयी लिहिण्यासारखं काही नाही. स्वतःला डॉक्टरांपेक्षा बरा समजत होतो, एवढं नोंदवतो.

१५ नोव्हें., सकाळ
पहाटे उठलो तर अंगण झाडलेलं, पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. दौलतकाका खांबाला दोरी बांधत होते. काय चाललंय विचारलं.
"आज कार्यक्रम हाय मने. शांतेनं, तुह्या अक्कानं, रातीच सायकलवर माणूस पाठवला वाशीमले, भंतेजीकडं."
म्हटलं, रविवारी होता ना?
"मी बी तेच मनलं. तं मले मने, आपल्यात मुहूर्त कायचा? ते सोडून तेवीस वर्षं झाली. ज्या दिवशी लेक हाय तो दिवस." मग जवळ येऊन हळूच, "काहून रे, काय केलं तू? तुह्यं नाव बी घेत नाई शांता."
नोकरीवाले कुणी येऊ शकणार नाहीत. आबांच्या बरोबर पाटावर राबलेली सात-आठ माणसं येतील, आणि आजूबाजूच्या बाया. हे तिने माझ्यासाठी केलं, की मला पुढे बसायला लावायचंच म्हणून केलं, कळत नाही. विचारायची हिंमत नाही.

१५ नोव्हें., अकोला स्टेशन
पुढे बसलो. भंतेजींच्या मागे म्हणायचं ते म्हटलं. अक्का माझ्या शेजारी होती, तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. जेवणं झाली. मी पिशवी उचलली तेव्हा ती बायांना वाढत होती. वळली नाही. भाऊजी फाट्यापर्यंत आले. "पत्र लिहजो," म्हणाले. कोणाला, ते त्यांनीही सांगितलं नाही.
गाडी दोन तास लेट. उद्या शुक्रवार. डॉ. शुक्रवारी दुपारनंतर संस्थेत थांबत नाहीत. उद्याच्या उद्या गाठायचं तर ते बाराच्या आत.
इथे बसून माझ्या फंक्शनची दुरुस्ती लिहून काढली. सहा ओळी. सहाच. परत वाचली. पुन्हा वाचतो आहे.