खालच्या पट्टीत

आबा,

आपण एकाच घरात राहत होतो, त्यामुळे तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत सुनेने सासऱ्यांना काय लिहायचं? आज लिहितेय, कारण गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतली एक कॉलेजची मुलगी माझ्याकडे आली होती. तिला हॅम रेडिओच्या लायसन्सची परीक्षा द्यायची आहे. "काकू, अभ्यास कसा करू ते सांगा," म्हणाली. मी सांगायला लागले आणि माझ्या तोंडून एकेक वाक्य तुमचंच बाहेर पडायला लागलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. तुम्ही शाळेतून नुकतेच रिटायर झाला होतात. गणिताचे मास्तर, नाशिकरोडच्या आपल्या कॉलनीतली निम्मी माणसं तुमच्या हातची छडी खाल्लेली. एक दिवस तुम्ही देवळाली कॅम्पात एका रिटायर्ड सुभेदारांकडे गेलात आणि परत आलात ते वेगळेच होऊन. त्यांच्या खोलीत वायरलेसचं मशीन होतं आणि तुमच्यादेखत ते श्रीलंकेतल्या कुणाशी तरी बोलले होते. जेवताना तुमचा घास हातातच राहिला होता. तुम्ही आम्हाला समजावत होतात, की असं हॅम रेडिओचं मशीन कोणीही हौशी माणूस घरात ठेवू शकतो, फक्त सरकारचा परवाना लागतो आणि परवान्यासाठी मुंबईला जाऊन परीक्षा द्यावी लागते. रेडिओच्या शास्त्राचा आणि नियमांचा पेपर, तोही इंग्रजीत. शिवाय मोर्स, म्हणजे नुसत्या लांब-आखूड आवाजांतून आलेला मजकूर कानाने ऐकून लिहायचा, आणि बटण दाबून तसाच पाठवायचा. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणायचे, भाकरी थापता थापता थांबल्या. "या वयात परीक्षा? आन नापास झालात तर?"

"तर नापास झालो म्हणायचं," तुम्ही म्हणालात. "मी काय थोड्या पोरांना नापास केलंय?"

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. बारावी सायन्स झाली, लगेच लग्न, वर्षाच्या आत छोटी पाळण्यात. तुमचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक खिडकीत पडलेलं असायचं. दुपारी केर काढताना मी ते उघडून बघायचे. एक दिवस तुम्ही बाहेरच्या खोलीतून विचारलंत, "हे पान कोणी उलटलं?" मी दारात जाऊन उभी राहिले. वाटलं, आता काही खरं नाही. "मी उलटलं, आबा." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "कळलं का काही?" मी म्हणाले, "थोडं." "थोडं कळणं असं काही नसतं. एकतर कळतं, नाहीतर कळत नाही. उद्यापासून माझ्याबरोबर बस. मलाही एकट्याला हे झेपत नाहीये."

शाळेत मी पाठांतरात पहिली होते. पहिल्याच आठवड्यात एक अख्खं प्रकरण पाठ केलं आणि रेडिओ एक स्टेशन कसं पकडतो ते तुम्हाला इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवलं. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत. मला वाटलं, आता शाबासकी. तुम्ही म्हणालात, "सूनबाई, तू मला पुस्तक वाचून दाखवलंस. पुस्तक मला वाचता येतं. आत जा आणि हेच आईला सांगून ये." मी आत गेले, आईंसमोर उभी राहिले, आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघेना. आई भाजी चिरत होत्या. "काय झालं? रागावले का?" त्यांनी विचारलं आणि मला रडूच आलं. त्या रात्री मी जेवले नाही. तुम्ही समजूत काढली नाहीत.

पुढचे दोन दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी छोटीला झोपवत होते. आई शेजारी तांदूळ निवडतायत. पाळण्याची दोरी माझ्या हातात आहे आणि एकदम हातालाच काहीतरी कळतं. मी म्हणते, "आई, हे बघा. पाळण्याचा स्वतःचा एक झोका असतो. त्या झोक्याला धरून ओढलं तर एका बोटानेही तो चालतो. भलत्या वेळी ओढलं तर कितीही जोर लावा, अडखळतो. रेडिओच्या आतही असाच एक झोका आहे. हवेतून शंभर लहरी येतात, पण ज्या लहरीचा झोका याच्याशी जुळतो तीच याला हलवते. बाकीच्या नुसत्या येतात नि जातात."

आईंनी तांदळातून मान वर केली. "मंग आपण बटन पिळतो तवा काय व्हतं?"

"तेव्हा आपण पाळण्याचा झोका बदलतो."

"आस्सं. मंग असं सांग ना. लय सोपं हाय की."

तुम्ही दारात कधी येऊन उभे राहिला होतात, मला माहीत नाही. "आता हेच इंग्रजीत लिही," एवढंच म्हणालात, "लहान लहान वाक्यांत. पुस्तक नंतर उघड, आपलं कुठे चुकलं ते बघायला." मग तीच आपली पद्धत झाली. आधी आपल्या भाषेत समजायचं, आईंना सांगायचं, त्यांनी प्रश्न विचारायचे, मग इंग्रजीत लिहायचं. आईंचे प्रश्न परीक्षकापेक्षा अवघड असायचे. नियमांचा भाग तुम्ही माझ्याकडून गोष्टींसारखा करून घेतलात. समजा एक जहाज बुडतंय आणि तू हवेत बोलते आहेस, तर तू काय करशील? समजा कोणी तुला हवेतून धंद्याचा निरोप द्यायला सांगितला, तर? एकदा असं बोलून झालं की कलम लक्षात ठेवावं लागत नसे.

मोर्सच्या बाबतीत मात्र आपण दोघंही चुकलो. तुम्ही मोठा तक्ता करून भिंतीवर लावला होता, प्रत्येक अक्षरासमोर टिंबं आणि रेघा. आवाज आला की आपण तक्त्याकडे बघायचो, टिंबं मोजायचो, तोवर पुढची तीन अक्षरं निघून जायची. महिनाभर असं चाललं. मग कॅम्पातले सुभेदार घरी चहाला आले, त्यांनी तक्ता बघितला आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, हे काढा आधी. डोळ्याचं कामच नाही इथं. तुमच्या नातीला 'आई' शब्द कुणी लिहून दाखवला होता का?" त्यांनी स्वतःच तो खिळ्यावरून उतरवला. म्हणाले, रोज दोनच अक्षरं घ्या, पण अक्षर झटकन वाजवा आणि दोन अक्षरांमध्ये वेळ सोडा. अक्षराचा सूर ओळखा, टिंबं मोजू नका. आणि तासभर बसू नका, सकाळी पाव तास, संध्याकाळी पाव तास, कान ताजा असताना. तुम्ही, आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेला माणूस, मान हलवून सगळं ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवसापासून आपल्या घरात डिट-डा सुरू झालं. मी परातीवर वाजवायचे. आई म्हणायच्या, "ह्या घरात आता मान्सं बोलत नाय, नुसती टकटकतात."

माझा वेग वाढला. तुमचा वाढेना. मोर्सच्या सरावासाठी तुम्ही घरी केलेल्या छोट्या पेटीतून बारीक, वरच्या पट्टीतला आवाज यायचा. मी बटण दाबायचे, तुम्ही लिहायचात. एक दिवस माझ्या लक्षात आलं की तुमची नजर कागदावर नसते, माझ्या मनगटावर असते. मी तुमच्याकडे पाठ फिरवून बसले, आणि तुमचा कागद कोराच राहिला. तुम्ही म्हणालात, "आज लक्ष नाही." तुम्ही मला तारांना कथलाचा डाग द्यायला, सोल्डरिंग करायला, शिकवलं होतं. दुपारी तुम्ही झोपलात तेव्हा मी पेटी उघडली, एक कपॅसिटर बदलला, आवाज भरडा, खालच्या पट्टीतला झाला. संध्याकाळी मी पुन्हा पाठ फिरवून वाजवलं आणि तुम्ही सगळं लिहिलंत. मग विचारलंत, "पट्टी बदललीस?" मी म्हणाले, "हो. वरचा आवाज मला टोचतो." "हं," म्हणालात. त्या 'हं'च्या पुढे दोघंही गेलो नाही.

मुंबईला परीक्षेत कानाला हेडफोन लावले, आणि त्यातून आला तो तसाच बारीक आवाज. मी लिहीत होते आणि पलीकडे तुमची पेन्सिल थांबलेली मला दिसत होती. परतीच्या गाडीत कसाऱ्यापर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मग घाट चढताना म्हणालात, "पेपरातला तिसरा प्रश्न कसा सोडवलास?" आणि नाशिकरोड येईपर्यंत आपण पेपरच सोडवत बसलो.

निकाल पोस्टाने आला. पोस्टमन तुम्हालाच भेटला. तुम्ही आत येऊन म्हणालात, "सूनबाई पास." आईंनी विचारलं, "आन तुमी?" "मी नाही. चहा टाका." मग तुम्ही स्वतः पेढे आणलेत, कॉलनीत घरोघर वाटलेत, रविवारी विहारात वाटलेत. कोणी विचारलं, "गुरुजी, तुम्हीपण बसला होतात ना?" तर सरळ सांगायचात, "बसलो होतो. नापास झालो." तुम्हाला नापास म्हणवून घ्यायची लाज नव्हती, तर मग ते दुसरं का सांगता येत नव्हतं?

पुन्हा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा मी धीर करून म्हणाले, "आबा, त्यांना सांगा ना. वरचा आवाज ऐकू येत नाही, खालच्या पट्टीत द्या म्हणून. त्यांच्या मशीनला बटण असतंच." तुमचा चेहरा एकदम बदलला. "मला ऐकू येतं," तुम्ही ओरडलात. "तू मला शिकवू नकोस." छोटी दचकून रडायला लागली. त्यानंतर बरेच दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. तुमच्या मुलाने मला विचारलं, "काय बोललीस तू आबांना?" मी म्हणाले, "खरं ते."

मग एका सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तुम्ही खुर्ची घेऊन जवळ येऊन बसलात. इकडचं तिकडचं काहीच नाही, एकदम म्हणालात, "शेवटच्या दोन वर्षांत मागच्या बाकांवरची पोरं हसायची. मला वाटायचं, वात्रट आहेत. पोरं आहेत, हसणारच." मी ओला टॉवेल हातात धरून उभी. "निरोपाच्या दिवशी एका पोराने येऊन पाय धरले. म्हणाला, गुरुजी, माफ करा, आम्ही तुमच्या पाठीमागे तोंडाने आवाज काढायचो. तुम्हाला ऐकू येतं का बघायला." तुम्ही थांबलात. "चांगला पोरगा होता. त्याला वाटलं, मला माहीत असेल." मी टॉवेल तारेवर टाकला आणि तुमच्या पायाशी पायरीवर बसले. थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "फॉर्म कुठे ठेवलायस?"

दुसऱ्या खेपेला मी तुमच्याबरोबर आले, पण बाहेर बाकावर बसून राहिले. दार बंद. तुम्ही बाहेर आलात ते रुमालाने मान पुसत.

"झालं?"

"झालं." माझ्या शेजारी बसलात. "विचारलं."

"काय विचारलंत?"

"म्हटलं, मला वरचा आवाज ऐकू येत नाही. खालच्या पट्टीत द्याल का?"

"मग?"

"मग काय. परीक्षा घेणाऱ्या त्या पोराने बटण फिरवलं. म्हणाला, एवढं पुरे का, सर?" तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत होतात. "एवढंच होतं ते. चल, भूक लागली."

तुम्ही पास झालात. परवान्याआधी पोलीस चौकशी असते, तर चौकशीला आलेला हवालदार तुमचाच जुना विद्यार्थी निघाला. दारातच "जयभीम, गुरुजी" म्हणून वाकला आणि घाबरत म्हणाला, "तुमचीच चौकशी करायची आहे." तुम्ही त्याला खुर्ची दिलीत. "कर. पण पुरी कर. गणितं अर्धी सोडायची सवय होती तुला." आई आत तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पुढे काही वर्षं गच्चीवरच्या एरियलच्या तारेखाली आपण दोघं आळीपाळीने वायरलेसवर बसलो. पण मला जास्त आठवतं ते वेगळंच. त्या परीक्षेनंतर तुम्ही सगळ्यांना सांगायला लागलात. दुधवाल्याला, कंडक्टरला, विहारात भाषण करणाऱ्या पाहुण्यांनासुद्धा, भर सभेत उभं राहून, "मला ऐकू कमी येतं. जरा खालच्या पट्टीत बोला." माणसं बोलायची. कॉलनीतली लहान पोरं तुमच्याशी बोलताना मुद्दाम घोगरा आवाज काढायची आणि तुम्ही त्यांना घोगऱ्याच आवाजात उत्तर द्यायचात. गेलात तेही शांतपणे, दुपारचं जेवण करून, पेपर वाचता वाचता.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, घडी करून कपाटात ठेवीन. फक्त एक गोष्ट लिहून टाकते. तुम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचात, "आमच्या सूनबाईला लहानपणापासून विज्ञानाची ओढ." तसं काही नव्हतं, आबा. ते पुस्तक मी उघडायचे ते त्यातल्या आकृत्या बघायला. आणि तुम्ही "बस" म्हणालात तेव्हा मी बसले, कारण सकाळपासून मला त्या घरात कोणी बस म्हटलं नव्हतं. तुमच्यासमोर पुस्तक उघडून बसलेली असले की कोणी मला उठवत नसे. रेडिओची गोडी पुढे कधीतरी लागली. पाहुणे गेल्यावर तुम्हाला हे सांगावं असं मला दर वेळी वाटायचं, पण तुम्ही इतके खूश दिसायचात की मी कपबशा उचलून आत जायचे.