हिवाळ्यात हात करायचा नाही

२ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! दक्षिण टोकाच्या कागोशिमाहून निघताना अंगात पातळ सदरा होता. इथे उत्तरेत सारोपेत्सुला उतरलो तेव्हा दोन स्वेटर घालूनही दात वाजत होते. सगळा प्रवास नेहमीसारखा आमच्या गाडीवरून, चिकागे पुढे हँडलवर आणि मी मागे. बायको चालवते आणि नवरा मागे बसतो म्हणून लोक हसतात. हसू देत. ती माझ्यापेक्षा दहापट चांगली चालवते आणि मी तिच्यापेक्षा दहापट चांगली दुरुस्त करतो.

ओबारा उस्तादांच्या गॅरेजात मला हिवाळ्यापुरतं काम मिळालंय. उन्हाळ्यात होक्काइदो फिरायला आलेले कितीतरी जण मोटरसायकल इथेच ठेवून विमानाने घरी जातात. बर्फ वितळेपर्यंत त्या गाड्या उस्तादांच्या शेडमध्ये असतात. उस्ताद सत्तरीचे, तोंडाने फटकळ. मला बघताच म्हणाले, की हा दक्षिणेचा मेकॅनिक पहिल्या बर्फातच सुक्या माशासारखा कडक होणार, मग त्याला छताला टांगून ठेवू. त्सुया काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना दटावून गप्प केलं आणि आम्हाला माशाचं गरमागरम कालवण वाढलं. उस्तादांचा डावा हात मफलरने कमरेशी बांधलेला होता. दुखतो का विचारलं, तर म्हणाले, हिवाळ्यात बांधलेलाच बरा. म्हणूनच तुला बोलावलंय.

गॅरेजच्या वरची खोली आमची. स्टोव्ह आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. चिकागे खूश, म्हणून मीही खूश.

७ नोव्हेंबर

इथे गाडी ठेवत नाहीत, झोपवतात. उस्तादांचा शब्द. आधी धुवायची, नखात मावेल इतकाही चिखल ठेवायचा नाही. टाकी काठोकाठ भरायची, म्हणजे आत गंज धरत नाही. तेल बदलायचं, चेनला ग्रीस, दोन्ही चाकं जमिनीपासून उचलायची, सायलेन्सरच्या तोंडात तेलकट चिंधीचा बोळा कोंबायचा, उंदीर शिरू नये म्हणून. बॅटरी काढून घरात आणायची, नाहीतर गोठून फुटते. सगळ्या बॅटऱ्या आमच्याच खोलीत फळीवर मांडल्यात. चिकागे म्हणते, आपल्याला एकदम इतकी मुलं झाली आणि एकही रडत नाही.

मी आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची तिरकी रेघ मारतो. ती माझी सही. बाकीचे सरळ मारतात. उस्ताद म्हणाले, रेघसुद्धा वाकडी, माणूस किती वाकडा असेल! पण काम बारकाईने पाहिलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे आवडलं असावं.

शेवटी उस्ताद गाडीचे आरसे कापडाने बांधतात, टाकीवर उजव्या हाताने थाप मारतात आणि म्हणतात, झोप आता. मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

१६ नोव्हेंबर

आज आमचीच गाडी झोपवली. ती शेवटची. चिकागेला वाईट वाटलं, सीटवरून हात फिरवत राहिली.

जेवताना उस्तादांनी आम्हाला समोर बसवून बजावलं. रस्त्यात समोरून मोटरसायकलवाला आला की आपण डावा हात वर करतो, तोही करतो. ओळख असो नसो. ही सगळ्यांची पद्धत. माझी आणि चिकागेची ओळखही असाच हात करण्यातून झाली. पण उस्ताद म्हणाले, की शेवटची गाडी झोपली, की वसंतापर्यंत हात करायचा नाही. कुणी केला तरी नाही. बर्फात मोटरसायकल कोण चालवणार? जो चालवतो, तो सोबतीला कुणी मिळतं का बघत फिरतो. हाताला हात दिलात, की 'मीही येतो' म्हणालात.

चिकागेने विचारलं, की मग उस्ताद, तुम्ही कुणाला हात केला होता? ती थट्टेने बोलली होती. काकूंनी उस्तादांच्या मफलरची गाठ उगाच घट्ट केली. उस्ताद म्हणाले, की त्यालाच, मोठ्या भावाने आणि मी, दोघांनी. भाऊ गेला. माझा हात अजून जाऊ बघतो.

वर खोलीत आल्यावर आम्ही दोघं खूप हसलो. म्हातारा रंगवून सांगतो.

२४ नोव्हेंबर

बर्फ. आमच्या गावी ज्वालामुखीची राख पडते, तसा सगळीकडे. फक्त हा झटकला तरी संपत नाही.

दुपारी काकूंच्या छोट्या मोटारीतून किराणा आणायला गेलो होतो. चिकागे चालवत होती. समुद्राकाठच्या रस्त्यावर समोरून एक मोटरसायकल आली. जुनी, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली, लांबच्या प्रवासाची. इतक्या बर्फात ती घसरत कशी नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. त्याने डावा हात वर केला.

आमचेही गेले. दोघांचेही. विचार करून केला असता तर गोष्ट वेगळी. हात आपोआप वर गेले, इतक्या वर्षांची सवय. चिकागे हसली आणि म्हणाली, हे घे, म्हाताऱ्याचं भूत! मग आम्ही वळून पाहिलं. रस्त्यावर आमच्या मोटारीच्या चाकोऱ्या होत्या. दुसरी एकही नव्हती.

उस्तादांना सांगितलं. त्यांनी जेवण टाकलं.

२७ नोव्हेंबर

उस्तादांनी सकाळी आमच्या गाडीची टाकी रिकामी केली. म्हणाले, गंजू दे, गंजलेली परवडली. मी चेन काढली, प्लग काढले. उस्ताद म्हणतात, तो तुम्हा दोघांना न्यायला येईल, पण न्यायला तुमची गाडी तयार हवी. तयार नसली की वसंतापर्यंत थांबतो, मग बर्फाबरोबर जातो. दर हिवाळ्यात हेच, म्हणाले. एवढ्यासाठीच तर गाड्या झोपवतो आपण. उंदीर आणि गंज ही लोकांना सांगायची कारणं.

चिकागे आता हसत नाही. मला म्हणाली, तू आहेस ना. तुझ्याइतकी गाडी कुणाला खोलता येते?

ते ऐकून मला फार बरं वाटलं. खोलायचं तर मी सगळी खोलीन.

१ डिसेंबर

गाडीवर चेन आहे.

मी काढून पेटीत ठेवली होती, पेटीला कुलूप. सकाळी बघतो तर चेन जागेवर, ग्रीस लावलेली, बरोबर दोन बोटं ढिली. प्लग बसवलेले, टाकी काठोकाठ भरलेली. उस्तादांवर ओरडलो. ते म्हणाले, एका हाताने मी चेन चढवतो होय रे? ते मुळीच चिडले नव्हते, आणि तेच मला जास्त लागलं.

तो आज पुन्हा दिसला. गॅरेजसमोरच्या वळणावर थांबला होता, इंजिन चालू. मागच्या वेळेपेक्षा जवळ. हात केला. मी माझे दोन्ही हात काखेत दाबून धरले. चिकागे खिडकीत होती. तिचा हात तिने खिशात घातला, असं ती म्हणते.

४ डिसेंबर

पुढचं चाक काढून समुद्रात टाकलं. चांगलं चाक. जीव तुटला.

५ डिसेंबर

चाक आहे. शेडमधल्या दुसऱ्या गाडीचं काढून आमच्या गाडीला बसवलंय. नीट, घासून-पुसून. बोल्टवर पिवळी रेघ. तिरकी.

माझ्या नखांत ग्रीस होतं.

चिकागेला विचारलं. ती अगदी सहज म्हणाली, हो, उजाडता उजाडता खाली जातोस तू, रोज. गुणगुणतोस काम करताना. मी म्हटलं, अगं, मग मला हाक का नाही मारलीस? तर म्हणाली, तू इतका मन लावून करत होतास! गाडी अशी छान तयार होताना बघून मलाही बरं वाटलं रे.

ती हे हसत सांगत होती. तिने प्रवासाचं जाड जाकीट घातलं होतं. घरात, स्टोव्हपाशी.

मी घाबरलोय. तिला इथून बाहेर काढलंच पाहिजे.

८ डिसेंबर

बसने निघून जायचं ठरवलं. काकूंनी शिदोरी बांधून दिली, रडल्या. थांब्यावर दुपारपर्यंत उभे होतो. वादळामुळे बस बंद, रेल्वे बंद, पुढचा रस्ताही बंद. परत आलो. येताना चिकागेची पावलं माझ्यापेक्षा भराभर पडत होती.

उस्तादांनी काकूंच्या मदतीने माझा डावा हात बांधला. उजवा मोकळा, म्हणून हे लिहू शकतोय. माझा उजवाही बांधा म्हटलं. म्हणाले, बांधतो, पण मी भावाचे दोन्ही बांधले होते पोरा. तरी तो गेलाच.

चिकागेने स्वतःचा हात बांधू दिला नाही. थंडी वाजते म्हणाली.

११ डिसेंबर

दोन्ही हात बांधलेले असताना झोपलो. उठलो तेव्हा दोरी घडी करून उशाशी. मी दोरी नेहमी अशीच घडी करतो.

फळीवर आमची बॅटरी नाही.

उस्ताद कुऱ्हाड घेऊन शेडकडे गेले. म्हातारा, एका हाताने. शेडचं दार आतून बंद. आत कुणीतरी गुणगुणत होतं. मी उस्तादांच्या शेजारीच उभा होतो. माझं तोंड बंद होतं, माझे ओठ मिटलेले होते, मी दाताखाली धरले होते. आवाज तरी माझाच.

१२ डिसेंबर

तो दाराशी. इंजिन बंद करत नाही. चेहरा दिसत नाही, काचेवर बर्फ जमलाय. घाई नाही त्याला. सोबती तयार होईपर्यंत थांबणारा चांगला प्रवासी असतो तसा —

चिकागेला मिठी मारून बसलो. सोड ना, म्हणाली. प्रेमाने. सोड, इंजिन गरम करायला वेळ लागतो.

मी सोडलं नाही. नाही सोडलं. हातांनी सोडलं.

१३ —

दुपार असेल. बाहेर सगळं पांढरं. उस्ताद जिन्यात बसलेत, तोंड झाकून. काकू त्यांचा हात दोन्ही हातांनी धरून —

खाली गाडी चालू झाली. एका किकला. सुरेख आवाज. कुठे खरखर नाही, कुठे गळती नाही. इतकं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं आणि मला ते मोडता येत नाही —

आरशांची कापडं काढली तिने. सायलेन्सरमधला बोळा आधीच काढला होता. एकेक करून, मी शिकवलं तसं.

चिकागे. जाऊ नको गं. मी ओरडतोय, की नुसता लिहितोय, कळत नाही.

ती वर बघते. खिडकीकडे. मागच्या सीटवरचा बर्फ झटकते आहे, हाताने, नीट, मला ओलं लागू नये म्हणून —

तिने हात केला.

डाव्याला पुन्हा बांधलेली दोरी सैल. डावा वर चाललाय. उजव्याने दाबून धरायचा तर पेन सोडावं लागेल, पेन सोडलं की उजवाही —